चहाडी आणि तक्रार

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन केला तेव्हा बजावून सांगितलं, "दहा-पंधरा मिनिटं बोला, विषय तुमचा तुम्ही ठरवा, फक्त आजारपण आणि राजकारण नको." आपल्या वयात हे दोन विषय वगळले की उरतात नातवंडं. म्हणून मी नातीच्या निमित्ताने पुढे आलेला एक प्रश्न आज तुमच्यासमोर मांडणार आहे. शाळेची बस, रिक्षा, टेम्पो, एसटी, खाजगी बस असं भाड्याचं वाहन चालवणारा माणूस धोकादायक पद्धतीने चालवताना आपल्याला दिसला, तर त्याची तक्रार करावी का? आणि करायची तर कोणाकडे, कशी?

प्रश्न साधा वाटतो. पण या सभागृहातल्या प्रत्येकाने तो कधी ना कधी मनात आणला असेल आणि "जाऊ दे" म्हणून सोडून दिला असेल.

आधी माझी थोडी ओळख, कारण तिचा या विषयाशी संबंध आहे. मी १९७८ च्या दहावीचा. नोकरी रेल्वेत केली. सुरुवातीला मालगाडीचा गार्ड, मग लोकलचा. २०२२ च्या जानेवारीत रेल्वेने 'गार्ड' हे पदनाम बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं आणि त्याच वर्षी मी निवृत्त झालो. ज्याच्याकडे बघून गणिताचे सर "याचं कसं होणार" म्हणायचे, तो शेवटचे काही महिने का होईना, मॅनेजर झाला!

लोकल चालवतो मोटरमन. गार्ड असतो शेवटच्या डब्यात. त्याने दोन घंटा दिल्या की गाडी निघते, एक दिली की थांबते. वेळ पडली तर ब्रेक लावायची सोय त्याच्याकडेही असते. म्हणजे सरळ भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या चालवण्यावर लक्ष ठेवण्याचा पगार मी आयुष्यभर घेतला.

रेल्वेत एक गोष्ट फार लवकर अंगवळणी पडते. गाडीने लाल सिग्नल ओलांडला, अगदी एखाद-दुसऱ्या डब्याइतका का असेना, कोणाला खरचटलंही नाही, तरी ती घटना नोंदवली जाते. चालकाला कामावरून उतरवतात, चौकशी होते. "काही झालं तर नाही ना?" हे वाक्य तिथे कोणी उच्चारत नाही. मोटरमन माझा जिवलग मित्र असला, आम्ही एकाच डब्यातलं जेवलो असलो, तरी अहवालात ते येतंच. कामावर हजर होताना लॉबीत श्वासचाचणी होते, ती पंचवीस वर्षं निर्मळ नोकरी केलेल्याचीही होते. त्याला कोणी अपमान समजत नाही. शिवाय मुंबईच्या लोकलला एडब्ल्यूएस ही यंत्रणा आहे. माणसाचं लक्ष चुकलं आणि गाडी लाल सिग्नलच्या पुढे गेली, तर ती स्वतः ब्रेक लावते. ही सगळी व्यवस्था एकाच गृहीतावर उभी आहे. चांगला माणूसही चुकतो, आणि त्याची चूक अपघाताआधी कोणाच्या तरी कागदावर आली पाहिजे.

मी कोपरला राहतो. तुमच्यापैकी जे बाहेरगावी किंवा परदेशी स्थायिक झालेत त्यांच्यासाठी सांगतो, आपण शाळेत असताना जिथे खाडीकडची दलदल आणि आगरी मंडळींची घरं होती, तिथे आता इमारतींची रांग आहे. खालून मुख्य मार्गाच्या लोकल जातात, वरून दिवा-वसई मार्ग जातो. खिडकीत बसलं की दोन्ही दिसतात, आणि त्यांच्यामध्ये दिसतो रस्ता. रुळावर गाडी सिग्नलच्या चार पावलं पुढे गेली तर चौकशी. त्याच रुळाच्या शेजारच्या रस्त्यावर पंचवीस मुलांना घेऊन निघालेली बस उलट दिशेने घुसली, तर आपण म्हणतो, "काही झालं नाही, सोडा." अंतर मोजलं तर पन्नास मीटर भरणार नाही, पण नियम दोन वेगळ्या देशांचे असावेत तसे.

रस्त्यावरचे लोक वाईट आणि रेल्वेतले चांगले, असं मला म्हणायचं नाही. रस्त्यावर गार्ड नसतो, एवढंच. तिथे बघणारे आपणच असतो.

"काही झालं नाही" या वाक्याचं काय करायचं, हे खरं तर डोंबिवलीकरांना माहीत आहे. आपला कोपर पूल आठवा. २०१९ च्या सप्टेंबरात तो वाहतुकीसाठी बंद झाला. तो पडला होता का? नाही. तो धोकादायक झाल्याचं रेल्वेने लेखी कळवलं होतं, म्हणून बंद झाला. दोन वर्षं आपण पूर्व-पश्चिम करताना ठाकुर्लीच्या पुलावर ताटकळलो, बोटं मोडली, शिव्या घातल्या. २०२१ च्या सप्टेंबरात नवा पूल खुला झाला. त्या दोन वर्षांत "आधी पडू तर द्या, मग बघू" असं म्हणणारा मला एकही माणूस भेटला नाही. कारण पुलाच्या बंदीच्या काही महिने आधी, १४ मार्च २०१९ ला, सीएसएमटीजवळचा हिमालय पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळून ७ माणसं गेली होती. आणि त्या पुलाची तर तपासणी झालेली होती, कागदावर तो वापरायला योग्य होता. धोका दिसला तर लिहायचं, हे एक. जे पाहिलं तेच लिहायचं, हे दुसरं. दोन पुलांनी या दोन गोष्टी आपल्याला शिकवल्या. मग पुलाला लावतो ती अक्कल पुलावरून जाणाऱ्या बसला का लावत नाही?

विमानवाल्यांनी हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं एक विमान डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली. चौकशीत कळलं की साधारण सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजुतीमुळे त्याच डोंगराला लागता लागता वाचलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण बाकीच्यांपर्यंत ते पोहोचलं नाही. काही झालं नव्हतं ना! त्यानंतर १९७६ पासून नासाने एक व्यवस्था चालवायला घेतली. थोडक्यात टळलेल्या प्रसंगाची माहिती वैमानिकांनी स्वतःहून कळवायची, कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. ती आजही चालू आहे.

आता माझ्यासमोर आलेला प्रसंग सांगतो. शाळेचं आणि बसमालकाचं नाव मी घेणार नाही. नावं ऐकायची उत्सुकता असेल तर ती दाबून ठेवा.

माझी नात चौथीत आहे. शाळा पूर्वेला, आम्ही पश्चिमेला, म्हणून ती मिनीबसने जाते. मी रोज सकाळी पुलावरून पूर्वेकडे फिरायला जातो. एका आठवड्यात तीन दिवस मला तीच बस पुलावरून उतरताना दिसली आणि तिन्ही दिवस चालकाच्या एका हातात मोबाईल होता. त्यातल्या बुधवारी पुढे कोंडी दिसताच त्याने बस उजवीकडे काढली आणि समोरून येणाऱ्या रिक्षांच्या तोंडावर उलट दिशेने नेली. नातीला सहज विचारलं, तर ती हसत म्हणाली, "आबा, काका एका हातानेच चालवतात. एकदम भारी!"

घरात विषय निघाला. बायको म्हणाली, "अहो, कशाला त्याच्या पोटावर पाय देता? घरी लहान मूल असेल त्याला." शेजारचे म्हणाले, "आपण आपली नात रिक्षाने पाठवावी आणि गप्प बसावं. नसती ब्याद." मुलगा म्हणाला, "बाबा, व्हिडिओ काढा आणि ग्रुपवर टाका. दोन तासांत शाळेला घाम फुटेल."

तिघांच्या बोलण्यात तथ्य होतं, पण तिघांचं एकही मला पटलं नाही. नात रिक्षाने गेली तरी बाकीची चोवीस मुलं त्याच बसमध्ये राहणार होती. आणि व्हिडिओ टाकला असता तर तो माणूस गावभर बदनाम झाला असता, चार दिवसांनी सगळे विसरले असते आणि बस त्याच वेळापत्रकाने धावत राहिली असती.

गुंता आणखी एका गोष्टीने वाढला. मी त्या मुलाला ओळखत होतो. मुलगा म्हणजे आता चाळिशीला आलेला. तो आपल्याच शाळेचा. आपल्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षांनी दहावी झालेला. मागच्या एका मेळाव्यात त्याने खुर्च्या लावल्या होत्या, मला वाकून नमस्कार केला होता.

मी आधी त्याच्याशी बोललो. दुपारी बस उभी असते तिथे गेलो. म्हटलं, "अरे, तीन दिवस बघतोय, हातात फोन असतो तुझ्या." तो ओशाळला, मग चिडला. म्हणाला, "काका, मी काय हौस म्हणून उचलतो का? नाही उचलला तर शेठ ओरडतात. सकाळी तीन फेऱ्या आहेत मला. पहिली पावणेसातला, दुसरी सव्वासातला, तिसरी पावणेआठला. पुलावर अडकलो की पुढची फेरी बोंबलली. मग दर पाच मिनिटांनी फोन, कुठे पोचलास, कुठे पोचलास."

मी म्हटलं, "मग शेठला सांग ना, बस थांबवल्यावर बोलतो म्हणून."

तो म्हणाला, "ते सांगणारा मी कोण, काका?"

मित्रहो, या एका वाक्यावर मी दोन रात्री विचार केला.

आपल्या शाळेत आपल्याला चहाडी करायची नाही असं शिकवलं होतं. बाई वर्गाबाहेर गेल्या की मॉनिटर फळ्यावर नावं लिहायचा आणि आपण त्याचा मनापासून तिरस्कार करायचो. आज तो मॉनिटर या सभागृहात आहे, आणि त्याच्याशी माझी चांगली मैत्री आहे, पण त्या वेळचा तिरस्कार खरा होता. आपल्या पिढीच्या हाडात ते मुरलं आहे की नाव सांगणं म्हणजे हलकं काम. दुसऱ्या बाजूने आपल्याला हेही शिकवलं होतं की समोर चुकीचं दिसत असताना तोंड फिरवू नये. या दोन शिकवणी एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या की आपण पहिलीच्या आडोशाला जातो, कारण ती सोपी आहे.

मला दोन्हींत जो फरक दिसला तो असा. चहाडी पाठीमागे होते, तक्रार तोंडावर सांगून करता येते. चहाडीखाली सही नसते, तक्रारीखाली असते. चहाडी केल्याने करणाऱ्याचं काहीतरी भलं होतं. तक्रार केल्याने बहुतेक वेळा करणाऱ्याच्या वाट्याला वाईटपणाच येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चहाडी माणसाबद्दल असते, तक्रार घटनेबद्दल असते.

मग कायदा काय म्हणतो ते बघितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात स्पष्ट लिहिलं आहे की लाल सिग्नल तोडणं, वाहन चालवताना हातात मोबाईल वापरणं, वाहतुकीच्या उलट दिशेने जाणं, या सगळ्या गोष्टी धोकादायक चालवण्यात मोडतात. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

शाळेच्या बसला याहून कडक नियम आहेत, आणि त्यामागे एक दुःखद प्रसंग आहे. १८ नोव्हेंबर १९९७ ला दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली, २८ मुलं गेली. महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसगाड्यांसाठी निर्देश दिले. बसवर शाळेचं नाव आणि फोन नंबर हवा, चालकाला अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, आणि भरधाव, दारू पिऊन किंवा धोकादायक चालवल्याबद्दल ज्याच्यावर एकदा जरी कारवाई झाली असेल त्याला शाळेच्या बसवर ठेवायचं नाही. एकदा जरी! म्हणजे मी थेट पोलिसांकडे गेलो असतो आणि कारवाई झाली असती, तर त्या मुलाचं शाळेच्या बसचं काम कायमचं संपलं असतं. नियम कठोर आहे आणि २८ मुलांच्या मृत्यूनंतर तो कठोर असणारच. पण तो वापरायला काढणाऱ्याने त्याचं वजन ओळखून काढावा.

मधला एक मार्ग आपल्या राज्यातच उपलब्ध आहे, आणि तो बहुतेक पालकांना माहीत नसतो. महाराष्ट्रात शाळेच्या बसगाड्यांसाठी २०११ ची स्वतंत्र नियमावली आहे. तिच्यात प्रत्येक शाळेने शालेय परिवहन समिती नेमायची आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, आणि त्यांच्याबरोबर पालकांचे, वाहतूक पोलिसांचे, मोटार वाहन खात्याचे आणि बसवाल्यांचे प्रतिनिधी. म्हणजे चालकाला, मालकाला आणि शाळेला एका टेबलाभोवती बसवण्याची सोय कायद्यानेच केलेली आहे.

मी त्या समितीला पत्र लिहिलं. ते इथे वाचून दाखवतो, कारण पत्र कसं लिहावं हेही बोलायचं आहे.

"मा. मुख्याध्यापक, अध्यक्ष, शालेय परिवहन समिती, यांस. मी आपल्या शाळेतील इयत्ता चौथीच्या एका विद्यार्थिनीचा आजोबा आहे. खाली दिलेल्या तीन तारखांना सकाळी सहा पन्नास ते सात या वेळेत, खाली क्रमांक दिलेली बस कोपर पुलावरून पूर्वेकडे उतरत असताना चालकाच्या हातात मोबाईल होता. त्यापैकी बुधवारी बस उलट दिशेने सुमारे पन्नास पावलं नेण्यात आली. तिन्ही वेळा हे मी स्वतः पाहिलं आहे. चालकाने मद्यपान केलं होतं असं माझं म्हणणं नाही, तसं मला काही दिसलेलं नाही. एका चालकाला सकाळी तीन फेऱ्यांसाठी दिलेला वेळ पुरेसा आहे का, आणि फेरी चालू असताना त्याला फोन कोण करतं, याची समितीने चौकशी करावी. हे पत्र देत असल्याचं मी चालकाला आधी सांगितलं आहे. पंधरा दिवसांत उत्तराची अपेक्षा आहे. न आल्यास कल्याणच्या आरटीओ कार्यालयाला हीच माहिती देईन."

खाली सही, पत्ता, फोन. पोच घेतली.

पत्र देण्याआधी मी त्या मुलाला पुन्हा भेटलो. तो एवढंच म्हणाला, "काका, लिहू नका." मी म्हटलं, "लिहिणार आहे, पण तुला न सांगता लिहिणार नाही." तो बसमध्ये चढला आणि दार लावून घेतलं.

पुढे काय झालं ते सांगतो. समितीची बैठक झाली. तिसरी फेरी दुसऱ्या बसला दिली गेली. चालू फेरीत चालकाला फोन करायचा नाही, काही असेल तर बसमधल्या मावशींच्या फोनवर करायचा, असं ठरलं. बसचं भाडं महिन्याला दीडशे रुपयांनी वाढलं, आणि त्याबद्दल काही पालकांनी मला जिन्यात गाठून सुनावलं. चालकाला पंधरा दिवस घरी बसवलं, त्या दिवसांचा पगार मिळाला नाही. नंतर तो परत आला. आता दोन्ही हातांनी चालवतो. माझ्याशी बोलत नाही.

यातली एक गोष्ट मला अजून सलते. पंधरा दिवसांचा पगार फोन उचलणाऱ्याचा गेला, फोन करणाऱ्याचं काहीच गेलं नाही. बैठकीत मी हे बोललो. मालकांनी मान हलवली. त्यापलीकडे काही झालं नाही.

म्हणून आज माझं मुख्य सांगणं हे आहे. तक्रार करायची की नाही, याचं माझं उत्तर "करायची" असं आहे. पण ती अशी करायची की प्रश्न चालकापाशी थांबणार नाही, त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसापर्यंत जाईल. नाहीतर पाणी उताराकडे जातं तसा सगळा दोष सर्वात खालच्या माणसाकडे वाहत जातो.

९ डिसेंबर २०२४ ची रात्र आठवा. कुर्ल्यात एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. ९ माणसं गेली, चाळीसच्या आसपास जखमी झाली. बस भाडेकरारावरची होती, चालकही कंत्राटी. त्याला अटक झाली. पण दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत प्रश्न विचारले गेले ते असे, की आधी वेगळ्या प्रकारची वाहनं चालवणाऱ्या माणसाला बारा मीटरच्या स्वयंचलित बसवर बसवण्याआधी किती दिवसांचं प्रशिक्षण दिलं? कोणी दिलं? कोणी तपासलं? कोर्टात कोणाची किती चूक ठरायची ती ठरेल. पण हे प्रश्न विचारायची वेळ ९ माणसं गेल्यावर यावी का? ते आधी विचारायचं साधन सामान्य माणसाच्या हातात एकच आहे, आणि ते म्हणजे लेखी तक्रार.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. हा सरकारचाच आकडा आहे. चालकाने दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त काम करू नये हे आपल्या देशात १९६१ सालच्या कायद्यापासून लिहून ठेवलं आहे. ते पाळलं जातं की नाही हे बघायला प्रत्येक टेम्पोमागे निरीक्षक बसवता येत नाही.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली गोष्ट, धोका आत्ता, या क्षणी आहे का ते बघा. चालक झिंगलेला आहे, डुलक्या घेतोय, दुसऱ्या गाडीशी शर्यत लावतोय, तर तिथे समिती नाही, पत्र नाही, समजावणं नाही. ११२ लावायचा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ आहे. आणि तुम्ही प्रवासी असाल तर चालकाशी चालत्या गाडीत भांडू नका. कंडक्टरला सांगा, पुढच्या थांब्यावर बोला. एसटीत तक्रार पुस्तक मागता येतं.

दुसरी गोष्ट, एकदाच दिसलं की पुन्हा पुन्हा दिसतंय ते बघा. खड्डा चुकवताना एकदा गाडी वाकडी गेली, ही तक्रार नव्हे. तीच गोष्ट तीनदा दिसली तर ती सवय आहे, आणि सवय कोणीतरी मोडावी लागते.

तिसरी गोष्ट, लिहाल ते डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर, आणि काय घडलं. चालकाचं नाव माहीत नसलं तरी अडत नाही. पोलिसांनी विचारलं तर त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे सांगण्याची जबाबदारी कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे मालकाची आहे. "दारू प्यायलेला असावा", "त्या लोकांचं असंच असतं" असली वाक्यं लिहू नका. त्याची जात, त्याचं गाव, त्याची भाषा यांचा गाडीच्या वेगाशी काही संबंध नाही. गाडी चालवत असाल तर स्वतः मोबाईल काढून फोटो घेऊ नका. एका हाताने चालवणाऱ्याची तक्रार एका हाताने चालवून करायची नसते.

चौथी गोष्ट, पायरी बघून जा. शाळेची बस असेल तर समिती, सोसायटीचा टँकर असेल तर पुरवठादार, कंपनीची बस असेल तर कंपनी. ऐकलं नाही तर वाहतूक पोलीस आणि आरटीओ. आणि तिथे गेलात म्हणजे एखाद्याचं आयुष्य उद्ध्वस्त केलं, असंही समजू नका. मोबाईल, भरधाव वेग, लाल सिग्नल अशा गुन्ह्यांसाठी परवाना किमान तीन महिने निलंबित करावा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं. तीन महिने हातावर पोट असलेल्याला फार असतात, हे मला कळतं. पण त्या तीन महिन्यांनंतर तो घरी असतो, त्याची बायकामुलं त्याच्याजवळ असतात. अपघात झाला तर त्याच्याही घराचं काय होतं, ते मी नोकरीत पाहिलं आहे. आपल्या गाडीखाली माणूस आला की मोटरमन कितीही निर्दोष असला तरी रात्र रात्र झोपत नाही. चालकाला त्या रात्रींपासून वाचवणं हाही तक्रारीचा एक उपयोग आहे.

शेवटी माजी विद्यार्थी संघाकडे माझी एक मागणी आहे. आपण दर मेळाव्याला शाळेला काहीतरी भेट देतो. संगणक दिले, पाण्याची टाकी दिली. या वर्षी थोडं श्रमदान द्यावं. आपल्या शाळेच्या परिवहन समितीची बैठक नियमित होते का, बसवर शाळेचा फोन नंबर आहे का, तो लागतो का, चालकांना किती फेऱ्या आहेत, हे महिन्यातून एकदा जाऊन बघायला आपल्यातल्या चार निवृत्त माणसांनी नावं द्यावीत. आणि त्या बैठकीला चालकांनाही बोलावून त्यांचं ऐकावं. "ते सांगणारा मी कोण" असं म्हणायची वेळ ज्याच्यावर येते, त्याच्या वतीने सांगायला आपण आहोत. आपल्याला कोणी नोकरीवरून काढू शकत नाही. निवृत्तीचा एवढा एक फायदा तरी घेऊ या!

पहिलं नाव माझं लिहून घ्या. बाकीची तीन जेवणाच्या आधी यावीत, कारण आपली मंडळी जेवण झालं की कुठे जातात ते मला माहीत आहे.